युद्ध दूरदेशी, ताण वसतिगृहात : अमेरिकी विद्यापीठांनी विद्यार्थ्यांना कसे सांभाळले?

बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठलेही गाव घ्या. नात्यातले कुणी ना कुणी अमेरिकेत शिकायला असतेच. २०२३-२४ मध्ये तिथे ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. नेमक्या त्याच वर्षी तिथल्या कॅम्पसवर उभी फूट पडली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला, पाठोपाठ गाझावर बॉम्बवर्षाव सुरू झाला. कुणाचे आप्त इकडे गेले, कुणाचे तिकडे. आणि सकाळी बसायचे मात्र एकाच वर्गात.

बहुतेक विद्यापीठांच्या अध्यक्षांनी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कुलगुरूंनी, आधी पत्रक काढले. मवाळ म्हणून एक गट चिडला. सुधारून पुन्हा काढले, तर दुसरा. या धावपळीत मुलांच्या पदरात फारसे काही पडले नाही. हार्वर्डने तर मे २०२४ मध्ये ठरवूनच टाकले, की विद्यापीठाच्या मूळ कामाशी संबंध नसलेल्या विषयांवर अधिकृत भूमिका घ्यायची नाही. शिकागो विद्यापीठाने हेच व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६७ च्या कॅल्व्हेन अहवालात, लिहून ठेवले होते.

डार्टमथचा दाखला

न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर गावचे डार्टमथ कॉलेज वेगळ्या वाटेने गेले. हल्ल्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच ज्यू अभ्यास आणि मध्यपूर्व अभ्यास या दोन विभागांनी मिळून खुल्या चर्चा घेतल्या. शेकडो विद्यार्थी आले. माईकसमोर दोन्ही विभागांचे प्राध्यापक शेजारी शेजारी बसले होते. हे एका रात्रीत जमलेले नव्हते. इजिप्तचे माजी राजनैतिक अधिकारी एझेदिन फिशेर आणि लेखक-प्राध्यापक बर्नार्ड अविशाय हे इस्रायल-पॅलेस्टाइनच्या राजकारणावर एकत्र वर्ग घेत आलेले होते. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली, तर काय उपयोग!

पण डार्टमथचे कौतुक इथेच थांबवावे लागते. १ मे २०२४ च्या संध्याकाळी मैदानात तंबू पडताच काही तासांत पोलीस बोलावले गेले, सुमारे ९० जणांना अटक झाली. त्यात ज्यू अभ्यास विभागाच्या एक माजी प्रमुखही होत्या. महिनोन्‌महिने जपलेला विश्वास एका रात्रीत गेला. ब्राउन विद्यापीठाने आदल्याच दिवशी बोलणी करून तंबू उठवले होते. नॉर्थवेस्टर्नच्या समझोत्यात तर मुस्लिम आणि मध्यपूर्वेतल्या मुलांसाठी जागा देण्याचेही ठरले होते.

जेवणघरापासून नावापर्यंत

आधार म्हणजे नुसते समुपदेशन नव्हे, जीव सुरक्षित वाटणेही. कॉर्नेलमध्ये ऑक्टोबर २०२३ अखेरीस ज्यू विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या कोशर जेवणघराला ऑनलाइन धमक्या आल्या. पोलीस पहारा बसला, एक विद्यार्थी पकडला गेला आणि विद्यापीठाने ३ नोव्हेंबरला सगळ्यांनाच सुट्टी दिली. २५ नोव्हेंबरला व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात पॅलेस्टिनी वंशाच्या तीन विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. एकाच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. हार्वर्डजवळ मुलांची नावे-चेहरे मोठ्या पडद्यावर दाखवत ट्रक फिरवला गेला. याला तिकडे 'डॉक्सिंग' म्हणतात. अशा मुलांच्या मदतीसाठी विद्यापीठाला वेगळा गट नेमावा लागला.

एक गंमत अशी, की ज्यू विद्यार्थ्यांची हिलेल ही संघटना १९२३ मध्ये आणि मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशन १९६३ मध्ये, दोन्ही इलिनॉय विद्यापीठातच सुरू झाल्या.

कायदा कुणासाठी?

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण आणि मूळ देशावरून भेदभाव करायला बंदी घालते. त्यात धर्म हा शब्द नाही, पण समान वंशपरंपरेच्या आधारे ज्यू, मुस्लिम, शीख, हिंदू अशा सगळ्यांना संरक्षण मिळते. म्हणजे आपल्या मुलांनाही. तक्रार विद्यापीठाकडे करता येते, किंवा थेट अमेरिकी शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे.

परदेशी विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र वेगळाच. त्याला विद्यापीठाने निलंबित केले, तर हजेरी तुटते आणि एफ-१ व्हिसावरचा मुक्कामच धोक्यात येतो. कोलंबियातल्या एका भारतीय पीएचडी विद्यार्थिनीचा व्हिसा मार्च २०२५ मध्ये रद्द झाला, तेव्हा तिने स्वतःच अमेरिका सोडली. त्यामुळे मोर्चात जायचे की नाही, हा निर्णय मुलाचा. पण त्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात नियम विचारून घ्यावेत आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा. अटक झाली की मोबाइल काढून घेतात.