मामलेदारांची साक्ष : क्रॉफर्ड प्रकरण आणि हाताखालच्या माणसाचा दोष

आजचा प्रश्न साधा आहे. साहेबाच्या जाचाला भिऊन हाताखालचा माणूस एखादं गैरकाम करतो, तेव्हा तो पीडित असतो की भागीदार? हा प्रश्न आपण कोऱ्या पाटीवर सोडवणार नाही. आपल्या इतिहासात तो एकदा ऐरणीवर आला होता, आणि तोही इथून फार लांब नाही.

उमापूर गेवराई तालुक्यात, आणि गेवराईच्या पश्चिमेला लगेच शेवगाव, म्हणजे नगर जिल्हा लागतो. 1948 पर्यंत ती निव्वळ जिल्ह्याची हद्द नव्हती, राज्याची हद्द होती. अलीकडे निजामाचा अंमल, पलीकडे इंग्रजांचा. त्या पलीकडच्या मुंबई इलाख्यात पुणे, नगर, सोलापूर, सातारा वगैरे जिल्ह्यांचा मिळून मध्य विभाग होता. 1880 च्या दशकात त्याचा कमिशनर होता आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट ज्याच्या नावाचं, तोच हा गृहस्थ. 1865 मध्ये तो मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. माणूस मोठा हुशार आणि कर्तबगार. पण खर्चिक, आणि कर्जात बुडालेला.

मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांवर या कमिशनरचा हात होता. एवढं सांगितलं की कार्यालयात दिवस काढलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. हणमंतराव राघवेंद्र नावाचे मध्यस्थ होते. मामलेदारांकडून पैसे घेतले जात, ते चांगल्या जागेसाठी, बढतीसाठी किंवा नको ती बदली टळावी म्हणून. अशा कारभारात लेखी हुकूम लागत नाही. ‘साहेबांची मर्जी’ हे दोन शब्द पुरे असतात.

1888 साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने क्रॉफर्डला निलंबित केलं. पोलीस खात्याचे मुख्य अधिकारी ओमनी यांच्याकडे तपास होता. पण पुरावा आणायचा कुठून? ज्यांनी पैसे दिले, त्यांनीच तोंड उघडलं तर. आणि तोंड उघडणं म्हणजे आपणही लाच दिली असं कबूल करणं. म्हणून सरकारने अभय दिलं : खरं सांगा, तुम्हाला धक्का लागणार नाही. त्या शब्दावर विसंबून मामलेदार पुढे आले. न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात चौकशी आयोग बसला आणि साक्षी झाल्या.

निकाल काय लागला? लाचखोरीचा आरोप सिद्ध झाला नाही, असं आयोगाने म्हटलं. हाताखालच्या लोकांकडून कर्जाऊ पैसे घेतल्याचा ठपका मात्र राहिला आणि क्रॉफर्डची नोकरी गेली. हणमंतरावांना तुरुंग भोगावा लागला. आणि मग गाडी मामलेदारांकडे वळली. विलायतेत ओरड झाली, की स्वतःच्या तोंडाने लाच कबूल करणारे लोक न्यायनिवाडा करायच्या जागी बसतातच कसे? साक्षीदारांना खटल्यांपासून वाचवायला 1889 मध्ये कायदा करावा लागला. तरी काही मामलेदारांची नोकरी गेलीच. दबावाखाली दिले ते एका बाजूला आणि आपल्या फायद्यासाठी दिले ते दुसऱ्या बाजूला, अशी त्यांची विभागणी झाली.

1 सप्टेंबर 1889 रोजी पुण्यात या मामलेदारांच्या बाजूने जाहीर सभा झाली. पुढाकार घेणाऱ्यांत तेव्हा तेहतीस वर्षांचे असलेले टिळक होते. लाच देणं चांगलं, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सरकारने शब्द दिला होता, तो सरकारने पाळावा, इतकंच म्हणणं होतं.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, तेव्हा इथे ॲरिस्टॉटलची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. वादळात सापडलेलं जहाज वाचवायला नावाडी माल समुद्रात फेकतो. त्याने हे स्वखुशीने केलं का? एरवी कोणी शहाणा माणूस असं करणार नाही; पण त्या घडीला निवड त्याचीच आहे. अशी कृत्यं मिश्र असतात, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. मामलेदाराचं कृत्य असंच मिश्र होतं. पण एक फरक आहे. नावाडी स्वतःच्या जहाजावरचा माल फेकतो. मामलेदाराने साहेबाला दिलेला पैसा शेवटी कोणाच्या खिशातून निघणार? सावकाराकडून आणला तर तो फेडायचा कशातून? तालुक्यात मामलेदार हाच साहेब! जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो याच कचेऱ्यांच्या दारात नागवल्या जाणाऱ्या रयतेसाठी. पुढे मुंबईच्या त्या मार्केटला जोतीरावांचंच नाव मिळालं. आयोगापुढे मात्र रयतेची बाजू मांडणारा कोणी नव्हता.

म्हणून आमचं म्हणणं असं : हाताखालच्या माणसाचा दोष शून्य नसतो, पण हिशेब त्याच्यापासून सुरू करायचा नसतो. ज्याच्या हातात बदली, त्याच्यापासून सुरू करायचा. 1889 मध्ये नेमकं उलटं झालं. बोलला तो सापडला, आणि जो गप्प बसला त्याची नोकरी शाबूत राहिली. याहून वाईट धडा सरकार आपल्या नोकरांना कोणता देणार?

आज काय आहे? बदल्यांच्या मनमानीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 2005 साली केला. नेमणुकीचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा ठरवला. गैरकारभार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा केंद्राचा कायदा 2014 मध्ये मंजूर झाला, पण अंमलात आलेला नाही. 2018 च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवायचं. सात दिवस! ज्याची बदली, गोपनीय अहवाल, मुलांची शाळा, सगळं साहेबाच्या एका सहीवर लटकलंय, त्याने सात दिवसांत धैर्य गोळा करायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एकटा मामलेदार क्रॉफर्डपुढे उभा राहू शकत नव्हता. पुष्कळजण एकदम बोलले तेव्हाच कमिशनर हलला. तुमच्या पतसंस्थेत, पंचायतीत, तहसिलीत नवा पोरगा लागतो. मागच्या तारखेची सही कर म्हणून त्याला दटावलं जातं, चारचौघांत त्याचा पाणउतारा होतो. त्या वेळी शेजारच्या टेबलावर आपण असतो, मान खाली घालून. त्या पोराचा दोष मिश्र आहे, हे आम्ही मान्य करू. पण आपल्यापुढे तर वादळही नव्हतं. मग आपल्या गप्प बसण्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.