अनुराधा साहा : शेवटचे ३३ दिवस
२५ एप्रिल १९९८. ३३ दिवस उरले.
अमेरिकेहून कोलकात्याला आलेल्या ३६ वर्षांच्या बालमानसशास्त्रज्ञ अनुराधा साहा यांना ताप येतो, अंगावर पुरळ उठतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासतात, आराम करायला सांगतात.

७ मे. २१ दिवस.
पुरळ उसळतं. डेपो-मेड्रॉल, ८० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. म्हणजे ७२ तासांत ४८० मिलिग्रॅम. हे स्टिरॉइड शरीरात सावकाश उतरत राहतं. म्हणूनच उत्पादकाची शिफारस ४० ते १२० मिलिग्रॅमची, तीही एक-दोन आठवड्यांच्या अंतराने.

११ मे. १७ दिवस.
रुग्णालयात भरती. पुढे निदान होतं टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. भाजल्यासारखी कातडी सुटते, अंगातलं पाणी झिरपतं, जंतूंना वाट मोकळी होते. या तासांना सलाइन हवं, निर्जंतुक ड्रेसिंग हवं, नाडी-रक्तदाबाची नोंद हवी. ही शुश्रूषा झालीच नाही, असं पुढे सर्वोच्च न्यायालयाला दिसलं. स्टिरॉइड मात्र चालू राहिलं.

१७ मे. ११ दिवस.
खास विमानाने मुंबईला, ब्रीच कँडीत.

२८ मे. मृत्यू.

स्टिरॉइड द्यावं की नाही, यावर त्वचारोगतज्ज्ञांत तेव्हाही दोन गट होते, आजही आहेत. एक म्हणतो, पेटलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीलाच आवरा. दुसरा म्हणतो, त्याने जंतुसंसर्ग बळावतो. कोर्टात दोन्ही बाजूंचे ग्रंथ उघडले गेले. पण शुश्रूषा हवीच, यावर दोघांचं एकमत होतं, आणि मला खरा घात तिथेच दिसतो. ७ ऑगस्ट २००९ रोजी न्यायालयाने हलगर्जी मान्य केली; २०१३ मध्ये ५ कोटी ९६ लाखांची भरपाई ठरली. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने स्टिरॉइडला जागा दिली, पण लवकर, शक्यतो पहिल्या ७२ तासांत, आणि थोड्याच दिवसांसाठी.

हा आजार बहुधा एखाद्या औषधातूनच सुरू होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीच्या एखाद्या घरात फिटची नवी गोळी सुरू झाल्यावर पुरळ उठतं, तोंड सोलतं, डोळे लाल होतात; घरचे गोवर समजून थांबतात. मार्गदर्शिकेतले ते ७२ तास तिथेच, अंगणात सरू लागलेले असतात. अशा वेळी पुढची गोळी देऊ नका. पाकीट सोबत घेऊन त्याच दिवशी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा.