विल्यम बँटिंगचें पथ्य

स्थूलपणा उतरविण्याचा संकल्प सोडणें मुळींच कठीण नाहीं. सणासुदीचें जेवण अंगावर आलें, कीं तो घरोघर सुटतो. कठीण असतें तें पुढचें काम, म्हणजे घेतलेलें पथ्य महिनोन् महिने पाळणें. या दुसऱ्या कामांत यशस्वी झालेल्या एका सामान्य गृहस्थाची हकीकत लंडन शहरीं घडली. त्याचें नांव विल्यम बँटिंग.

बँटिंग हा वैद्य नव्हता, कीं शास्त्रज्ञहि नव्हता. अंत्यविधीची सारी व्यवस्था लावून देणें हा त्याच्या घराण्याचा धंदा. राजघराण्याचें काम याच पेढीकडे असे. १८५२ सालीं ड्यूक ऑफ वेलिंग्टन याची भव्य अंत्ययात्रा निघाली, तिची व्यवस्थाहि याच पेढीनें पाहिली. पैसा होता, प्रतिष्ठा होती. परंतु १८६२ सालीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, ५ फूट ५ इंच उंचीच्या या गृहस्थाचें वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारें ९२ किलो झालें होतें. वाकून बुटाचे बंद बांधतां येत नसत. गुडघ्यांवर भार येऊं नये म्हणून तो जिना पाठमोरा उतरे. लोकांच्या कुचेष्टेमुळें चारचौघांत जाणेंहि त्याला नकोसें झालें होतें.

त्यानें प्रयत्न केले नव्हते असें मात्र नाहीं. व्यायामाचा सल्ला मिळाला, तेव्हां तो नियमानें होडी वल्हवूं लागला. त्यानें अंगांत जोर आला, पण भूकहि दुणावली आणि वजन आणखी वाढलें. लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट येथील औषधी झऱ्यांचें पाणी पिऊन झालें. तुर्की पद्धतीचीं वाफेचीं स्नानें झालीं. शरीर होतें तसेंच राहिलें.

अखेर कानांनीं दगा दिला आणि तेंच त्याच्या पथ्यावर पडलें. ऐकूं कमी येऊं लागल्यामुळें तो विल्यम हार्वे या कर्णरोगतज्ज्ञाकडे गेला. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो निराळा, तो दोन शतकें आधींचा.) या डॉक्टरानें पॅरिस येथें क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाचे विचार ऐकले होते. यकृतांत साखर कशी तयार होते आणि मधुमेहाशीं तिचा काय संबंध, हा त्यांचा विषय होता. त्यावरून हार्वेनें रोग्याचें ताट बदलावयाचें ठरविलें. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हे जिन्नस वर्ज्य झाले. मांस, मासे, भाज्या, थोडीं फळें, एखादा कोरडा भाजलेला पावाचा तुकडा, दूधसाखरेवांचून चहा आणि तांबडी द्राक्षमदिरा यांना मुभा राहिली. भोजनें पूर्वीप्रमाणेंच चार.

२६ ऑगस्ट १८६२ रोजीं पथ्य सुरू झालें. नाताळापर्यंत वजन १८४ पौंडांवर आलें. पुढें दर तीन आठवड्यांनीं बँटिंग आपलें वजन टिपून ठेवी. कधीं दोन, कधीं तीन पौंड उतरलेले दिसत. बरोबर एका वर्षानें कांटा १५६ पौंडांवर थांबला. बावन्न आठवड्यांत सेहेचाळीस पौंड, म्हणजे आठवड्याला पौंडभरहि नव्हे! जिना आतां तो इतरांसारखा उतरूं लागला. हा अनुभव त्यानें १८६३ सालीं स्थूलतेविषयींच्या एका पत्राच्या रूपानें छापून फुकट वांटला. वैद्यक व्यवसायांतील अनेकांनीं त्याच्यावर टीका केली. लोकांनीं मात्र त्याच्या नांवाचें क्रियापद बनविलें. स्वीडिश भाषेंत पथ्य करून वजन उतरविण्यास आजहि ‘बांता’ असेंच म्हणतात.

ज्या माणसाचा प्रत्येक उपाय पूर्वीं फसला, त्याचा हाच उपाय कां टिकला? त्याचा निश्चय एकाएकीं वज्राचा झाला, असें मानण्यास आधार नाहीं. होडी वल्हवितांना त्याचा निश्चय कमी नव्हता. पण त्या उपायानें भूक पेटत असे. हार्वेच्या ताटानें ती शमली. मांसमाशांतील प्रथिनांनीं पोट अधिक काळ भरल्यासारखें राहतें, हें आतां आहारशास्त्रास मान्य आहे. अमुक जिन्नस चालेल, अमुक नाहीं, हा नियम साधा होता; रोज नवा वाद मनाशीं घालावा लागत नव्हता. आणि तीन आठवड्यांनीं येणारा आंकडा लहान असला तरी धीर देणारा होता.

बँटिंगचें ताट सर्वांना मानवेल असें नाहीं. रोजची मदिरा तर आजचा कोणताहि डॉक्टर वजनासाठीं सुचविणार नाहीं. बोस्टन येथें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत १६० जणांना चार निरनिराळे प्रसिद्ध आहारक्रम वांटून दिले होते. वर्षअखेर दिसलें तें असें, कीं कोणता क्रम वांट्यास आला यापेक्षां तो किती निष्ठेनें पाळला, यावर वजनाची घट अधिक अवलंबून होती. निम्म्याच्या आसपास लोकांनीं क्रम मध्येंच सोडला होता. वजन उतरूं लागलें कीं शरीर भूक वाढवितें आणि खर्च कमी करतें. तेव्हां या सोडण्यास केवळ आळस म्हणणें अन्यायाचें होईल.

बँटिंग पुन्हां पूर्वींसारखा स्थूल झाला नाहीं. १८७८ सालीं तो वारला, तेव्हां एक्याऐंशी वर्षांचा होता. त्याच्या यादींतील पदार्थ बदलले तरी चालतील. पथ्य निवडतांना ‘याने किती लवकर उतरेल’ यापेक्षां ‘हें पुढील वर्षींहि पाळतां येईल काय’, हा प्रश्न आधीं विचारावा, एवढें त्याच्या उदाहरणावरून निश्चित म्हणतां येतें.