फावडे आणि खुर्ची : आइनार गेरहार्डसेन यांचे जीवन

कामगार चळवळीत वावरताना एक वाक्य आम्हांला हरघडी ऐकू येते : 'निवडून गेला की आपला माणूस आपला राहत नाही.' गेट मीटिंगच्या गर्दीतून कोणीतरी हे म्हणतो आणि बाकीचे हसतात. आम्ही मात्र हसण्यावारी नेत नाही. कारण या वाक्यात अनुभव आहे. म्हणूनच, फावडे टाकून पंतप्रधानाच्या खुर्चीवर बसलेल्या एका नॉर्वेजियन कामगाराचे चरित्र आज आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत. निकाल श्रोत्यांनीच द्यावा.

आइनार गेरहार्डसेन यांचा जन्म 10 मे 1897 रोजी राजधानीजवळच्या आस्केर येथे झाला. वडील रस्त्याच्या कामावर मुकादम. मुलगाही तरुणपणीच रस्त्यावर खडी फोडू लागला. शिक्षण जे झाले ते युवक संघात आणि युनियनच्या सभांत. 1919 साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, रस्ता कामगारांनी त्यांना आपल्या युनियनचे अध्यक्ष केले. त्या काळी रशियन क्रांतीचे वारे नॉर्वेतही जोरात होते व गेरहार्डसेनही त्या वाऱ्यात होते. 1924 साली, लष्करी सेवेवर बहिष्कार घालण्याच्या प्रचारात भाग घेतल्याबद्दल त्यांना 75 दिवसांची कैद झाली. पुढे मजूर पक्ष क्रांतीच्या भाषेकडून कायदेमंडळाच्या मार्गाकडे वळला. गेरहार्डसेन पक्षाच्या कचेरीत व ऑस्लो नगरपालिकेत काम करू लागले. 1940 साली ते त्या शहराचे महापौर झाले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये हिटलरचे सैन्य नॉर्वेत उतरले. जर्मनांनी त्यांना पदावरून दूर केले, तेव्हा हा माजी महापौर निमूटपणे पुन्हा रस्त्याच्या कामावर रुजू झाला. आणि आतून प्रतिकाराचे संघटन करू लागला. सप्टेंबर 1941 मध्ये कारखान्यांतील कामगारांना मिळणारे दूध बंद झाले, म्हणून ऑस्लोत संप झाला. इतिहासात तो 'दुधाचा संप' म्हणून ओळखला जातो. जर्मनांनी 10 सप्टेंबर रोजी दोघांना गोळ्या घातल्या : कामगार संघटनांचे वकील व्हिगो हान्स्टेन आणि एका वाघिणी कारखान्यातील कामगार प्रतिनिधी रोल्फ विक्स्ट्रॉम. दुधाच्या पेल्यासाठी दोन जीव गेले. त्याच दिवसांत गेरहार्डसेन यांनाही अटक झाली. ग्रिनीचा तुरुंग, जर्मनीतील साक्सेनहाउझेनची छळछावणी आणि 1944 मध्ये पुन्हा ग्रिनी, असा त्यांचा प्रवास झाला. छावणीत निरनिराळ्या पक्षांची माणसे एकाच फळीवर झोपत होती. 1945 साली सर्व पक्ष एकाच संयुक्त कार्यक्रमावर मतदारांपुढे गेले, त्यामागे या सहवासाचा मोठा वाटा होता.

25 जून 1945 रोजी ते पंतप्रधान झाले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत मजूर पक्षाला 150 पैकी 76 जागा मिळाल्या. देश खिळखिळा झालेला. उत्तरेकडील फिनमार्क प्रांत तर जर्मनांनी माघार घेताना जाळून टाकलेला. पुढील दोन वर्षांत घरबांधणीसाठी सरकारी बँक, मुलांसाठी भत्ता, विद्यार्थ्यांसाठी कर्जनिधी आणि तीन आठवड्यांची पगारी रजा हे सारे उभे राहिले. रजा म्हणजे चैन नव्हे, हे ज्याने फावडे मारले आहे त्याला पटवावे लागत नाही.

परंतु चरित्र म्हणजे आरती नव्हे. युद्धानंतर त्यांच्याच राज्यात वेतनाचे तंटे सक्तीच्या लवादाकडे गेले व संपाचे हत्यार बोथट झाले. 1948 साली क्रोकेरॉय येथील भाषणात त्यांनी कम्युनिस्टांविरुद्ध उघड मोहीम पुकारली. कालचे छावणीतले सोबती संशयित ठरले. डाव्या कार्यकर्त्यांवर बेकायदा पाळत ठेवली गेली होती, हे पुढे 1996 साली लुंड आयोगाने उजेडात आणले. 1949 मध्ये नॉर्वे नाटो करारात सामील झाला, तेव्हा पक्षातील अनेक जुन्या कार्यकर्त्यांची मने दुखावली.

खरी कसोटी पुढेच होती. 5 नोव्हेंबर 1962 रोजी स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ओलेसुंद येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन 21 माणसे ठार झाली. तेथे पूर्वीही जीवघेणे अपघात झाले होते. आणि या खाणीचा मालक कोणी भांडवलदार नव्हता; किंग्ज बे ही कंपनी सरकारच्या मालकीची होती! चौकशीत सुरक्षेतील ढिलाई उघड झाली. उद्योगमंत्र्यांनी राजीनामा दिला, तरी प्रश्न मिटला नाही. 1961 पासून स्टोर्टिंगमध्ये मजूर पक्ष व बिगरसमाजवादी पक्ष यांच्याकडे प्रत्येकी 74 जागा होत्या. तराजूचा काटा एका नव्या डाव्या पक्षाच्या दोन सभासदांच्या हाती होता. 23 ऑगस्ट 1963 रोजी त्या दोघांनी सरकारविरुद्ध मत दिले आणि 76 विरुद्ध 74 मतांनी सरकार पडले. पण सरकार पाडणाऱ्यांचे राज्य चारच आठवडे टिकले. गेरहार्डसेन परत आले; मात्र पूर्वीचा दरारा परत आला नाही. 1965 च्या निवडणुकीनंतर ते कायमचे पायउतार झाले. एकूण सतरा वर्षे त्यांनी ते पद भूषविले. 19 सप्टेंबर 1987 रोजी त्यांचे निधन झाले.

आता त्या गेटवरच्या वाक्याकडे वळू. आपला माणूस आपला राहिला काय? रजा, घरे, मुलांचा भत्ता पाहिले तर उत्तर 'होय' असे येते. खाणीतील एकवीस प्रेते पाहिली तर जीभ अडखळते. आम्हांला यातून दिसते ते इतकेच : कामगाराचा मुलगा मालक झाला म्हणून खाणीतला वायू त्याला ओळख दाखवीत नाही. राज्य आपले झाले तरी गेटवर प्रश्न विचारणारा माणूस लागतोच. किंबहुना आपले राज्य असते तेव्हा तो अधिकच लागतो. त्या दोन सभासदांना त्या वेळी घरभेदी म्हटले गेले असेल. परंतु खाणीत उतरणाऱ्याच्या बाजूने विचार केला, तर त्या दिवशी युनियनचे जुने काम त्यांनीच केले, असे आम्ही म्हणू.