एकट्याचा मेळ

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या खडी गंमत या लोकनाट्यात शाहीर, ढोलकी, डफ, तुणतुणं आणि मागून ओळ धरणारे झिलकरी सगळे एकत्र उभे राहतात आणि आवाजाचा तोल तिथल्या तिथे सांभाळतात. शाहिराने ओळ उचलली की डफवाला हात आवरतो, ओळ संपली की मोकळा सोडतो. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडच्या झाडीपट्टी नाटकांत रंगमंचापुढे बसलेले वादकही रात्रभर हेच करतात. आता हा मेळ एकटा माणूस घरच्या खोलीत बांधू शकतो: आधी ढोलकी, त्यावर पेटी, मग गळा. ‘ट्रॅक टाकणं’ म्हणतात ते हेच.

याची पहिली ठळक खूण 1941ची. सिडनी बेशे या जॅझ वादकाने न्यूयॉर्कमध्ये सहा वाद्यं एकट्याने वाजवून एक गाणं केलं. तेव्हा तिथल्या स्टुडिओत टेप नव्हती. एक तबकडी वाजवायची, तिच्यासोबत आपण वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायचं. दर फेरीला आधीचा आवाज थोडा मळायचा. लेस पॉल या गिटारवादकाने याच रीतीने आपल्या गॅरेजमध्ये आठ गिटारांचं ‘लव्हर’ रचलं. 1948 साली ते बाजारात आलं.

पुढच्या वर्षी गायक बिंग क्रॉस्बीने त्याला अँपेक्स कंपनीचं टेपयंत्र भेट दिलं. लेस पॉलने त्यात टेपवरचा आवाज ऐकवणारं एक जादा हेड बसवलं, तेही पुसणाऱ्या हेडच्या अलीकडे. जुना आवाज पुसला जाण्याआधी उचलायचा आणि नव्या वादनात मिसळून त्याच टेपवर पुन्हा लिहायचा. दहाव्या थराला बोट चुकलं तर आधीचे नऊही गेले. अशा जोखमीवर त्याने आणि गायिका मेरी फोर्डने केलेलं ‘हाउ हाय द मून’ 1951 साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

थर स्वतंत्र ठेवायचे तर टेपवर शेजारी-शेजारी पट्टे हवेत. तेही जमलं, पण लय जुळेना. लिहिणारं हेड आणि ऐकवणारं हेड यांत काही सेंटिमीटरचं अंतर असतं. टेप सेकंदाला 38 सेंटिमीटर धावते. अंतर चार सेंटिमीटर धरलं तरी जुना ठेका ऐकून मारलेली थाप टेपवर सेकंदाचा दहावा भाग मागे पडते. ढोलकीत एवढ्याने सम हुकते. अँपेक्समधल्या रॉस स्नायडरने यावर साधा तोडगा काढला: जुना पट्टा ऐकवायचा तो लिहिणाऱ्या हेडमधूनच. आवाज जरा बोथट येतो, पण जुनं-नवं एकाच जागी जुळतं. माझ्या मते या तंत्राचा खरा जन्म इथे झाला. 1957 साली लेस पॉलच्या घरी आठ ट्रॅकचं यंत्र आलं. सामान्य घराच्या आवाक्यात मात्र ते नव्हतं.

घराघरांत हे नेलं ते कॅसेटने. 1979 साली जपानच्या टीअॅक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ काढला. चार ट्रॅक आणि मिक्सर एकाच डब्यात. कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच दिशेने वापरायचे आणि टेप दुप्पट वेगाने पळवायची, म्हणून साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये पंधराच मिनिटं मावायची. चारांहून जास्त वाद्यं हवी असतील तर ढोलकी, पेटी, तुणतुणं असे तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि ते तीन पुन्हा मोकळे करायचे. एकदा उतरवलं की पेटी मोठी झाली म्हणून कमी करता येत नाही. ढोलकीचा धुमा आणि पेटीचे खालचे सूर एकमेकांत गुरफटले असतील तर ते तसेच राहणार. म्हणून निर्णय आधी घ्यावा लागायचा, आणि कान त्यातच तयार व्हायचा. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने 1982चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरी याच यंत्रावर गायला, आणि त्या कॅसेटवरचाच आवाज बाजारात आला.

आपल्याकडे याची गोडी ‘इजाजत’ (1987) या चित्रपटातल्या ‘कतरा कतरा’ गाण्यात ऐकावी. राहुल देव बर्मन यांनी आशा भोसलेंच्या आवाजावर त्यांचाच आवाज चढवला आहे. एक ओळ संपण्याआधी दुसरी तिच्यावरून निघते, आणि दोन्ही आशाताईंच्याच.

मोबाइलवर आता ट्रॅकचा तोटा नाही. पण जुना रोग परत आला आहे. ब्लूटूथचे इअरफोन आवाज उशिरा पोचवतात, आणि हेडांमधल्या अंतरामुळे व्हायची तीच चूक पुन्हा होते. म्हणून ट्रॅक टाकताना वायरचाच हेडफोन लावावा. दुसरी गोष्ट लय मोजून देणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीची. खडी गंमतीची लय शाहिराच्या भरात चढत जाते. टिकटिकीला बांधली की ती चढण जाते आणि नंतर कुठल्याही मिक्सिंगने परत येत नाही. म्हणून आधी शाहीर आणि ढोलकी समोरासमोर बसवून कच्चं गाणं अखंड घ्यावं. बाकीची वाद्यं त्यावर चढवावीत आणि शाहिराचा पक्का गळा शेवटी घ्यावा.