थाइम (दमट हवेतील लागवड)

थाइम : तुळस-पुदिन्याच्या कुळातील (लॅमिएसी) सुगंधी, बहुवर्षायू झुडूप, शास्त्रीय नाव थायमस व्हल्गॅरिस. मूळ पश्चिम भूमध्य प्रदेशातील कोरड्या, खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचे. उंची फार तर ३० सेंमी. पान जेमतेम अर्धा ते एक सेंमी, कडा खाली वळलेल्या, खालची बाजू लवदार. ही सारी ठेवण पाणी जपण्यासाठी आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील ऊर्जानगर ही महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात दुपारची सावली आणि सकाळचे पाणी मिळाले तर थाइम तग धरते. ते जाते ते पावसाळ्यात, मुळाशी पाणी तुंबून.

कन्हार, म्हणजे भारी काळी जमीन, यासाठी वर्ज्यच. बरडीसारखी मुरमाड जमीन जवळची. तरी सर्वांत भरवशाची मातीची न रंगवलेली कुंडी, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. एक भाग पोयटा, एक भाग जाड वाळू, एक भाग बारीक मुरूम. शेणखत मूठभरच, नाहीतर लुसलुशीत वाढ होऊन बुरशी धरते. वीजकेंद्राची राख शेजारी असली तरी खाण्याच्या झाडाला घालू नये. तिच्यात जड धातूंचे अंश असतात. कुंडीखाली ताटली न ठेवता दोन विटा ठेवाव्यात आणि बुंध्याभोवती खडी पसरावी, म्हणजे खालची पाने ओल्या मातीला टेकत नाहीत.

जूनच्या पहिल्या सरीआधी झाड थोडे विरळ करून पारदर्शक पत्र्याखाली, वारा खेळेल अशा जागी हलवावे. पाणी रोजच्या सवयीने घालू नये. कुंडी उचलून पाहावी. हलकी लागली तरच पाणी द्यावे. झुडपाच्या मधली पाने तपकिरी होऊन बुंधा मातीलगत मऊ पडला, की मूळकूज लागलेली असते आणि झाड सहसा वाचत नाही. म्हणून फेब्रुवारीतच चार-पाच फाटे लावून ठेवणे शहाणपणाचे.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये हजारो मावतात. ते मातीवर नुसते दाबावे, झाकू नये. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात. छाटणी फुलोऱ्याआधी, फक्त कोवळ्या शेंड्यांची. पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापले तर तिथून पुन्हा फूट येत नाही.

थाइमचा वास मुख्यतः थायमॉलचा. हेच द्रव्य ओव्यात भरपूर असते आणि पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा थायमॉल काढण्यासाठी जर्मनीला जात असे. पावसाळ्यात थाइम पत्र्याखाली असताना दारातला जाड पानांचा पानओवा मात्र जोमात असतो. त्याच्या तेलातही थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल सापडतात; फरक एवढाच, की पानओव्याचे पान बोटभर रुंद असते आणि त्याची भजी होतात.