२६ चा आकडा: एका टायर प्रेशरने घडवलेला इतिहास

पेट्रोल पंपावर हवा भरणारा दादा विचारतो, "किती भरू?" आणि आपण ठोकून देतो, "भरा तीस-बत्तीस." आजची गोष्ट अशाच एका आकड्याची आहे: २६ पीएसआय. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब. या आकड्यापायी अमेरिकेत दोन बलाढ्य कंपन्यांची जवळपास शंभर वर्षांची दोस्ती तुटली, आणि एक नवा कायदाही आला.

सुरुवात दोस्तीपासून करू. हेन्री फोर्ड गाड्या बनवायचा, हार्वे फायरस्टोन टायर. १९०६ मध्ये फोर्डने फायरस्टोनला टायरची मोठी ऑर्डर दिली आणि दोघांचं जमलं ते जमलंच. पुढे दोन्ही घराण्यांत सोयरीकही झाली. १९९९ पासून फोर्डचे अध्यक्ष असलेले बिल फोर्ड हे हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन या दोघांचेही पणतू! मधल्या काळात, म्हणजे १९८८ मध्ये, जपानच्या ब्रिजस्टोनने फायरस्टोन विकत घेतली, पण फोर्डला टायर जातच राहिले.

१९९० मध्ये फोर्डने 'एक्सप्लोरर' ही एसयूव्ही आणली. अमेरिकन कुटुंबांनी ती अक्षरशः उचलून धरली. पण उंच गाडीचा एक स्वभाव असतो. वेगात स्टिअरिंग झटक्यात वळवलं की ती कलंडू शकते. टायरमध्ये दाब जास्त असेल तर तो वळणावर रस्ता घट्ट धरतो आणि गाडीचा वरचा भाग झुकतो. दाब कमी असेल तर गाडी कलंडण्याऐवजी थोडी घसरते. गाडी बाजारात येण्याआधी चाचण्यांमध्ये हा प्रश्न दिसला होता, हे नंतर कोर्टकज्जांत बाहेर आलेल्या फोर्डच्या अंतर्गत कागदपत्रांतून कळलं. शेवटी ग्राहकांना सांगितलेला आकडा ठरला २६ पीएसआय.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एका ठिकाणचा बग कॉन्फिगरेशनमधली एक व्हॅल्यू बदलून झाकला. आणि अशा वेळी बग जात नाही, जागा बदलतो.

तो कुठे गेला? टायरच्या आत. धावताना टायर प्रत्येक फेऱ्याला जमिनीपाशी दबतो आणि पुन्हा सरळ होतो. हवा कमी असली की हे दबणं वाढतं, आणि रबर जितकं वाकतं तितकं तापतं. रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्या पट्ट्यांच्या कडांपाशी उष्णतेने बारीक चिरा पडतात, त्या वाढत जातात, आणि एक दिवस हायवेवर अख्खी वरची साल सोलून निघते. एक्सप्लोररच्या बाबतीत हे जास्त करून टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा गरम राज्यांत झालं. कडक ऊन, पूर्ण भरलेली गाडी, वेग आणि कमी हवा. टायर सोलला की गाडी ओढली जायची, घाबरून चालक स्टिअरिंग फिरवायचा, आणि उंच गाडी कलंडायची. म्हणजे ज्याला टाळायला २६ आणला, तेच झालं!

१९९९ मध्ये फोर्डने सौदी अरेबियात गुपचूप टायर बदलून द्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या केएचओयू या टीव्ही चॅनेलने बातमी केली आणि तक्रारींचा पूर आला. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने या टायरशी जोडलेल्या मृत्यूंचा आकडा शेवटी २७१ पर्यंत नोंदवला.

मग सुरू झाली तू-तू मैं-मैं. फायरस्टोन म्हणे, तुमची गाडीच अस्थिर आणि २६ चा आकडा चुकीचा, ३० ठेवा. फोर्ड म्हणे, याच गाडीवर, याच दाबावर गुडइयरचे टायर नीट चालले, मग दोष तुमच्याच टायरचा. मे २००१ मध्ये फायरस्टोनने फोर्डशी संबंध तोडले. पाठोपाठ फोर्डने आणखी १ कोटी ३० लाख टायर बदलायचं जाहीर केलं. त्याच वर्षी फोर्डचे सीईओ जॅक नासर गेले आणि त्या खुर्चीत बसले तेच दोन्हीकडचे पणतू, बिल फोर्ड.

दोष कोणाचा? सरकारी तपासाने टायरच्या रचनेत खोट दाखवली, आणि गाडीची वेगळी चौकशी करायला नकार दिला. म्हणजे फक्त २६ मुळे टायर फुटले, असं म्हणणं चूक. पण चांगल्या दाबाने टायरला चुका पचवायची जागा मिळते. २६ ने ती जागा आधीच खाल्ली होती. त्यात मालकाने दोन महिने हवा बघितली नाही, तर २६ चे २३-२४ व्हायला वेळ लागत नाही.

नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत 'ट्रेड ॲक्ट' झाला. त्यातूनच डॅशबोर्डवरचा टायर प्रेशरचा पिवळा दिवा सक्तीचा झाला. आज आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो असतो. पण गंमत बघा, त्या अमेरिकन नियमाप्रमाणे दाब ठरलेल्या आकड्याच्या २५ टक्के खाली गेला की दिवा लागतो. समजा तुमच्या गाडीचा आकडा ३३ आहे. म्हणजे दिवा लागणार २५ च्या आसपास. २६ वर तो गप्पच बसू शकतो! दिवा म्हणजे शेवटचा इशारा, गेजला पर्याय नव्हे.

मग आपण काय करायचं? चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा तुमचा. टायरच्या बाजूला लिहिलेला कमाल दाब भरायचा नसतो. दाब थंड टायरचा बघायचा, म्हणजे सकाळी निघण्याआधी. गरम टायरचा आकडा जास्त दिसतो म्हणून हवा काढू नका. गाडी भरून निघत असाल तर स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा असतो, तो घ्या. महिन्यातून एकदा तपासा, स्टेपनीसुद्धा. नवीन टायर घेताना बाजूचा चार आकडी कोड वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. साइझबरोबर लोड आणि स्पीडचं चिन्ह मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. आणि नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर गोटा झाला, बदला.

समृद्धी महामार्गावर मे महिन्याच्या दुपारी १२० च्या वेगाने तासन्‌तास जाताना टायरवर तेच गणित चालू असतं: ऊन, वजन, वेग आणि हवा. पहिलं आपल्या हातात नाही, उरलेली तीन आहेत.

पंपावरच्या दादाने विचारलं "किती भरू?" की आता "भरा तीस-बत्तीस" नको. स्टिकर बघून आकडा सांगा. भेटू पुढच्या भागात!